ज्याच्या हाती यादी

१ जानेवारी २०१२ या दिवसापासून वॉलग्रीन्सच्या दुकानांतून लाखो गिऱ्हाइकांना औषध न घेता परत फिरावं लागलं. १९०१ साली शिकागोत सुरू झालेली ही तेव्हाची अमेरिकेतली सर्वांत मोठी औषध दुकानांची साखळी. त्या वेळी देशभर तिची साडेसात हजारांहून जास्त दुकानं होती. औषधांची टंचाई नव्हती की संप नव्हता. एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स नावाच्या कंपनीशी असलेला करार आदल्या दिवशी संपला होता, एवढंच. या कंपनीचं हमरस्त्यावर एकही दुकान नव्हतं. विम्याच्या कार्डावर बारीक अक्षरांत तिचं नाव असायचं आणि ते कुणी वाचतही नसे. पण वॉलग्रीन्समधल्या वर्षाकाठी सुमारे नऊ कोटी प्रिस्क्रिप्शन्सचे पैसे तिच्यामार्फत येत. एका प्रिस्क्रिप्शनमागे दुकानदाराला किती द्यायचे, यावरून दोघांचं फाटलं.

गिऱ्हाइकांनी वॉलग्रीन्ससाठी आंदोलन वगैरे काही केलं नाही. ती चौकापलीकडच्या सीव्हीएस या दुसऱ्या साखळीच्या दुकानात गेली. वॉलग्रीन्सने अर्धं वर्ष ताणून धरलं, जुलैत नमतं घेऊन समेट केला आणि सप्टेंबरच्या मध्यात ही गिऱ्हाइकं परत येऊ शकली. सगळी आली नाहीत. दरम्यान, एप्रिलमध्ये एक्स्प्रेस स्क्रिप्ट्सने आपल्याच धंद्यातली मेडको ही कंपनी २९ अब्ज डॉलरना घेऊन टाकली होती.

औषधाच्या बाजारात बलवान कोण, असं विचारलं तर आपण गोळी बनवणाऱ्याचं नाव घेऊ, नाहीतर लिहून देणाऱ्या डॉक्टरचं. अमेरिकेत गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बदललं. कुठली गोळी चालेल, कुठली चालणार नाही, याची यादी ज्याच्याकडे असते तो बलवान. यादीला तिथे फॉर्म्युलरी म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्याला फार्मसी बेनिफिट मॅनेजर, थोडक्यात पीबीएम. या पीबीएमचं बोट धरून ज्यांनी दुकानं, विमा आणि दवाखाने एका छपराखाली आणले ते टिकले. ज्यांच्याकडे नुसती दुकानं होती, त्यांचं काय झालं ते पुढे येईलच.

काउंटरवरचे काही सेकंद

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास मराठी घरं बरीच आहेत. तिथे पुण्या-नागपुराहून आई-बाबा यायचे ठरले की बॅगेत लोणच्या-पापडांच्या बरोबरीने बीपी आणि शुगरच्या सहा महिन्यांच्या गोळ्या भरल्या जातात, वर डॉक्टरांची चिठ्ठी. पाहुण्यांच्या विम्यात रोजची औषधं बसत नाहीत, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे तिथे काउंटरवर गेल्याशिवाय गोळी कितीला पडणार, हे मुलाला किंवा सुनेलाही सांगता येत नाही.

तिथल्या काउंटरवर घडतं ते असं. डॉक्टरने प्रिस्क्रिप्शन संगणकावरून परस्पर दुकानात पाठवलेलं असतं. काउंटरमागची टेक्निशियन विम्याचं कार्ड मागते. त्यावर सहा आकडी ‘बिन’ असतो, शेजारी ‘पीसीएन’ आणि ग्रुप नंबर. बिन म्हणजे पीबीएमचा पत्ता. तो टाकून बटण दाबलं की दावा दूर कुठल्यातरी सर्व्हरवर जातो आणि काही सेकंदांत जबाब येतो. तेवढ्या वेळात ठरतं ते फार आहे: माणूस विम्यात बसतो का, औषध यादीत आहे का, असेल तर कितव्या पायरीवर, आधी स्वस्त औषध वापरून पाहिलं होतं का, गिऱ्हाइकाने किती द्यायचे आणि दुकानदाराला किती मिळणार. नकार आला तर आकडा येतो. सत्तर म्हणजे औषध यादीतच नाही. पंचाहत्तर म्हणजे डॉक्टरने आधी परवानगी घ्यायला हवी. एकोणऐंशी म्हणजे आधीच्या गोळ्या अजून संपायच्या आहेत, इतक्यात कशाला आलात? टेक्निशियनच्या तोंडी हे आकडे बसलेले असतात. गिऱ्हाइकाला मात्र एवढंच ऐकू येतं की, विमा नाही म्हणतोय.

नाही म्हणणारा खरं तर पीबीएम असतो. पण चीड निघते ती काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलीवर.

कारकून मालक झाला त्याची गोष्ट

सुरुवात अगदी निरुपद्रवी होती. साठच्या दशकाच्या अखेरीस कंपन्या कामगारांच्या औषधांचा खर्च उचलू लागल्या तेव्हा बिलांचे गठ्ठे तपासायला माणसं कमी पडायला लागली. पीसीएस नावाच्या कंपनीने प्लास्टिकचं कार्ड काढलं आणि दावे निकाली काढायचं काम अंगावर घेतलं. दाव्यामागे काही सेंट मेहनताना. ही शुद्ध कारकुनी होती. पुढे टपालाने तीन-तीन महिन्यांची औषधं पाठवणाऱ्या मेडकोसारख्या कंपन्या आल्या. १९८६ मध्ये सेंट लुईसला एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स उभी राहिली.

लाखो लोकांचे दावे एका हातातून जायला लागले की त्या हाताला वजन येतं. पीबीएम औषध कंपन्यांना विचारू लागले: सारख्याच दोन औषधांपैकी तुमचं वरच्या पायरीवर ठेवलं, तर आम्हाला काय? त्याचं उत्तर रिबेट. छापील किंमत तशीच राहते, ठरलेली रक्कम मागाहून परत येते. याचं मोल औषध कंपन्यांना लगेच कळलं. १९९३ मध्ये मर्कने मेडको सहा अब्जांना घेतली, पुढच्याच वर्षी एलाय लिलीने पीसीएस चार अब्जांना. गोळी बनवणाराच यादी लिहिणार, हे संघीय व्यापार आयोगाला खटकलं आणि त्याने अटी घातल्या. लिलीने काही वर्षांतच पीसीएस दीड अब्जाला राइट एड या दुकान साखळीला विकून टाकली. मर्कने २००३ मध्ये मेडको वेगळी केली.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही कहाणी आटोक्यात राहिली असती. पण औषध कंपन्यांनी सोडलेली जागा आधी दुकानांनी आणि मग विमा कंपन्यांनी भरली. २००७ मध्ये सीव्हीएसने केअरमार्क हा मोठा पीबीएम घेतला. २०१५ मध्ये युनायटेडहेल्थने आपल्या ऑप्टमआरएक्सला जोड म्हणून कॅटामरन घेतली, जवळपास १३ अब्जांना. २०१८ च्या शेवटच्या दोन महिन्यांत तर दोन डोंगर हलले: सीव्हीएसने एटना ही विमा कंपनी सुमारे ६९ अब्जांना घेतली आणि विमा कंपनी सिग्नाने एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स सुमारे ६७ अब्जांना. केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टमआरएक्स. व्यापार आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातली जवळपास ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्स या तिघांच्या हातून जातात. फॉर्च्युन नियतकालिकाच्या २०२५ च्या यादीत उलाढालीने युनायटेडहेल्थ तिसरी आणि सीव्हीएस पाचवी होती. दोघींच्या मधे ॲपल.

या एकत्र येण्यामागे कायद्यातली एक मेख आहे. ओबामांच्या काळातल्या कायद्याने विमा कंपन्यांवर बंधन घातलं की, प्रीमियमच्या शंभर डॉलरमधले ८० किंवा ८५ उपचारांवरच खर्च झाले पाहिजेत. नफ्याला चाप बसावा हा हेतू. पण ते ८५ डॉलर आपल्याच पीबीएमला, आपल्याच औषध दुकानाला, आपल्याच डॉक्टरला दिले, तर कागदोपत्री तो उपचारांवरचा खर्च आणि प्रत्यक्षात एका खिशातून दुसऱ्या खिशात.

अडत दोन्हीकडून

बाजार समितीत अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि अडत घेतो. हाच अडत्या व्यापाऱ्याकडूनही गुपचूप काही घेत असेल आणि शेजारच्या गाळ्यात त्याचं स्वतःचंच दुकान असेल, तर तो कुणासाठी भाव पाडतोय हे कळायला मार्ग नाही. पीबीएमबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं सार एवढंच आहे.

इन्सुलिनचं उदाहरण घेऊ. लिलीचं ह्युमॅलॉग १९९६ मध्ये आलं तेव्हा एक कुपी २१ डॉलरला होती. २०१७ पर्यंत तीच कुपी पावणेतीनशेच्या घरात गेली. औषध तेच. सिनेटच्या वित्त समितीने २०२१ च्या अहवालात कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं चाळली, तेव्हा यादीतली जागा राखण्यासाठी मोठे रिबेट आणि मोठे रिबेट परवडावेत म्हणून मोठी छापील किंमत, हे चक्र पुढे आलं. ज्याचा विमा पहिल्या डॉलरपासून पैसे देतो त्याला याची झळ लागत नाही. पण वर्षाचे पहिले काही हजार डॉलर ज्याने स्वतःच भरायचे असतात, तो छापील किंमत मोजतो. त्याच्या इन्सुलिनवरचा रिबेट विमा योजनेकडे जातो आणि त्यातून सगळ्यांचा प्रीमियम थोडा उतरतो. थोडक्यात, आजारी माणूस धडधाकट माणसाचा हप्ता भरतो. २०२३ मध्ये लिलीने किमती ७० टक्क्यांनी उतरवल्या. पुढच्या वर्षी व्यापार आयोगाने तिन्ही पीबीएमवर कारवाई सुरू केली. आरोप हा की, स्वस्त इन्सुलिन उपलब्ध असूनही यादीत जागा महागड्याला दिली गेली.

दुसरा प्रकार फरकाचा. समजा, पीबीएमने गोळ्यांच्या एका बाटलीसाठी योजनेकडून २० डॉलर घेतले आणि दुकानदाराला १२ दिले. मधले आठ कुठे गेले, हे दोघांपैकी कुणालाच दिसत नाही, कारण एकाचा करार दुसऱ्याला बघता येत नाही. ओहायो राज्यात गल्लीबोळातली जुनी औषध दुकानं पटापट बंद पडू लागली, तेव्हा ‘कोलंबस डिस्पॅच’ या दैनिकाने हे प्रकरण लावून धरलं. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला: गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत एका वर्षात मधल्यामध्ये राहिलेली रक्कम २२ कोटी ४८ लाख डॉलर. ओहायोने पुढे जुनी व्यवस्था मोडून सगळ्या मेडिकेडसाठी एकच पीबीएम नेमला.

तिसरा प्रकार ऐकून तर हसावं की रडावं कळत नाही. काही गोळ्या विम्याशिवाय रोखीने घेतल्या तर गिऱ्हाइकाला विम्याच्या को-पेपेक्षा, म्हणजे विमा असूनही स्वतः भरायच्या रकमेपेक्षा, स्वस्त पडायच्या. पण दुकानदाराने हे आपणहून सांगायचं नाही, असं कलम काही करारांत असे. ते काढायला अमेरिकी संसदेला ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन कायदे करावे लागले.

पीबीएमची बाजूही ऐकायला हवी. किंमत आम्ही छापत नाही, औषध कंपनी छापते, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. घासाघीस करणारं कुणी नसेल तर मक्तेदारीतल्या औषधाची किंमत आणखी चढेल, हेही खरं. ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत २०१६ मध्ये पीबीएमनी ९९ टक्क्यांहून जास्त रिबेट योजनांना परत दिले, असं सरकारी लेखा कार्यालयानेच नोंदवलं आहे. मात्र ज्या योजनेला ते परत मिळतात ती बऱ्याचदा त्यांच्याच घरातली असते. शिवाय अलीकडे घासाघिशीचं काम स्वित्झर्लंड-आयर्लंडमध्ये स्थापन केलेल्या भगिनी कंपन्यांकडे गेलं आहे आणि तिथे घेतल्या जाणाऱ्या रकमेला रिबेटऐवजी शुल्क म्हणतात.

गोरेगावहून निघालेली गोळी

आता एकाच गोळीमागे जाऊ. इमॅटिनिब. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचं हे औषध नोव्हार्टिसने ग्लिव्हेक नावाने आणलं आणि ज्या रोग्यांना काही वर्षंच मिळायची, ते पूर्ण आयुष्य जगू लागले. भारतात त्याच्या पेटंटवरून झालेलं भांडण आपल्याला आठवत असेल. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. अमेरिकेत पेटंट होतंच. ते संपल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथलं पहिलं जेनेरिक बाजारात आणलं ते सन फार्माने. कंपनीचं मुख्यालय मुंबईत, गोरेगावला.

पुढे आणखी कंपन्या उतरल्या आणि जेनेरिकचा घाऊक भाव व्हायचा तसा कोसळला. अब्जाधीश मार्क क्युबन यांनी जानेवारी २०२२ मध्ये खरेदी किमतीवर १५ टक्के आणि ठरावीक शुल्क एवढंच लावणारी ऑनलाइन फार्मसी सुरू केली, तेव्हा इमॅटिनिबचा महिन्याचा भाव त्यांनी ४७ डॉलर जाहीर केला.

मग विम्यातून घेणाऱ्यांना ते तसंच स्वस्त पडायला हवं होतं. व्यापार आयोगाने २०२४ च्या अहवालात इमॅटिनिब आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं ॲबिराटेरॉन या दोन जेनेरिकचे हिशेब उघडले. पीबीएमच्या स्वतःच्या फार्मसीला मिळालेला मोबदला दुकानदारांच्या सरासरी खरेदी किमतीच्या २० ते ४० पट होता. फक्त या दोन औषधांवर, तीन वर्षांच्या आत, खरेदी किमतीच्या वर मिळालेली रक्कम जवळपास १.६ अब्ज डॉलर. अशी महागडी औषधं ‘स्पेशालिटी’ म्हणून वेगळी काढायची आणि ती आमच्याच फार्मसीतून घ्या म्हणायचं, ही इथली चाल. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या अहवालात आयोगाने अशा जेनेरिकचं जाळं मोठं करून पाहिलं, तेव्हा २०१७ ते २०२२ मधला आकडा ७.३ अब्ज डॉलरवर गेला. पीबीएमना हे अहवाल मान्य नाहीत. निवडक औषधं घेऊन चित्र रंगवलं, असं ते म्हणतात आणि एक्स्प्रेस स्क्रिप्ट्सने तर पहिल्या अहवालाविरुद्ध आयोगालाच कोर्टात खेचलं.

अमेरिकेतल्या दर दहा प्रिस्क्रिप्शन्सपैकी सुमारे नऊ जेनेरिकची असतात आणि त्यांतला मोठा वाटा भारतीय कंपन्यांचा. गोव्यातल्या कारखान्यांतूनही गोळ्या तिकडे जातात. आपले उत्पादक तिथल्या खरेदीदारांपुढे पैशा-पैशासाठी घासले जातात. मालाचा भाव पडतो, पण वाचलेले पैसे रोग्यापर्यंत पोचतीलच याची हमी कुणी देत नाही.

दवाखाना थाटला, पण

दुकानदारांनाही आपला पाया खचतोय हे कळत होतं. प्रिस्क्रिप्शनमागचा मोबदला घटत होता, साबण-शॅम्पू ॲमेझॉनकडे गेले होते. मग सगळ्यांना एकच कल्पना सुचली: दुकानातच दवाखाना काढू. सीव्हीएसने २००६ मध्ये मिनिटक्लिनिक घेऊन सुरुवात केली होती. लस टोचणं, घसा तपासणं अशी छोटी कामं. २०१४ मध्ये तिने सिगारेट विकणं बंद केलं आणि नाव सीव्हीएस हेल्थ केलं. २०२३ मध्ये ज्येष्ठांसाठी दवाखाने चालवणारी ओक स्ट्रीट हेल्थ १०.६ अब्जांना घेतली. वॉलग्रीन्सने व्हिलेजएमडी या दवाखान्यांच्या कंपनीत २०२१ मध्ये ५.२ अब्ज ओतले. वॉलमार्टने २०१९ मध्ये जॉर्जियात पहिलं केंद्र उघडून ती संख्या पन्नाशीपलीकडे नेली.

दवाखाने चालले नाहीत. वॉलमार्टने एप्रिल २०२४ मध्ये सगळी ५१ केंद्रं बंद करत असल्याचं सांगितलं. विम्याकडून मिळणाऱ्या मोबदल्यात खर्च भागत नाही, हे कारण. त्याच वर्षी वॉलग्रीन्सला व्हिलेजएमडीपायी अब्जावधी डॉलर बुडीत दाखवावे लागले. सीव्हीएसलाही २०२५ मध्ये दवाखान्यांच्या धंद्याचं मोल वहीत ५.७ अब्जांनी खाली आणावं लागलं.

इथेच खरा फरक दिसतो. एकच चूक दोघांनी केली आणि एकजण उभा राहिला. वॉलग्रीन्सकडेही एकेकाळी स्वतःचा छोटा पीबीएम होता. २०११ मध्ये, म्हणजे एक्स्प्रेस स्क्रिप्ट्सशी बिनसलं त्याच वर्षी, तिने तो सुमारे ५० कोटी डॉलरना विकून टाकला. २०१५ मध्ये शंभर अब्जांहून जास्त बाजारमूल्य असलेली ही साखळी २०२५ मध्ये सिकॅमोर या गुंतवणूक संस्थेने घेतली तेव्हा भागधारकांच्या वाट्याला आले सुमारे दहा अब्ज. राइट एडने पुन्हा एक पीबीएम विकत घेतला होता, पण तो इतका लहान की बाजारात त्याचा धाक नव्हता. २०२३ आणि २०२५ अशी दोनदा दिवाळखोरी होऊन १९६२ पासूनची ही साखळी ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण बंद झाली. तिच्या ६२६ दुकानांतल्या गिऱ्हाइकांच्या नोंदी सीव्हीएसने घेतल्या. स्वतः सीव्हीएस डळमळली, तेव्हा २०२४ मध्ये संचालकांनी मुख्याधिकारी बदलला. खुर्चीत बसवले डेव्हिड जॉयनर. ते केअरमार्क सांभाळत होते.

गावंड्यांचा प्रयोग

या किल्ल्याला बाहेरून धडक द्यायचा सगळ्यांत गाजलेला प्रयत्न एका मराठी नावाशी जोडलेला आहे. जानेवारी २०१८ मध्ये ॲमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन यांनी आपल्या दहा लाखांवर कर्मचाऱ्यांसाठी नवी आरोग्य कंपनी जाहीर केली. नुसत्या बातमीने पीबीएम आणि विमा कंपन्यांचे शेअर घसरले. जूनमध्ये प्रमुख म्हणून नाव आलं डॉ. अतुल गावंडे यांचं. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, आई-वडील दोघेही डॉक्टर, मुलगा ओहायोत वाढलेला, शल्यविशारद आणि लेखक. माणूस योग्य, पाठीशी तीन धनाढ्य. कंपनीला हेवन हे नाव मिळालं. मे २०२० मध्ये गावंडे पायउतार झाले आणि २०२१ च्या सुरुवातीला हेवन गुंडाळली गेली. तिघांचे कर्मचारी देशभर विखुरलेले, त्यामुळे कुठल्याच एका गावात रुग्णालयाला किंवा विमा कंपनीला वाकवण्याइतकी संख्या त्यांच्याकडे नव्हती. दहा लाख माणसं ऐकायला खूप वाटतात. पण पीबीएम कोट्यवधींच्या नावाने बोलतो.

त्यानंतरची लढाई राज्यांनी अंगावर घेतली. वॉलमार्टचं माहेर असलेलं आर्कान्सा यात सगळ्यांत चिवट. पीबीएमने दुकानदाराला खरेदी किमतीपेक्षा कमी देऊ नये, हा तिथला २०१५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२० मध्ये आठ विरुद्ध शून्य मतांनी टिकला. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने घावच मुळावर घातला: पीबीएमला राज्यात औषध दुकान चालवताच येणार नाही. सीव्हीएस आणि एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स कोर्टात गेल्या आणि जुलैत न्यायाधीशांनी अंमलबजावणी थांबवली. दुकानं बंद पडली तर आमच्याच रोग्यांचे हाल होतील, हा कंपन्यांचा युक्तिवाद. कुंपण शेत खातंय म्हणून ते काढायला जावं, तर शेताला दुसरं कुंपणच उरलेलं नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे पीबीएम नाही, कारण बाह्यरुग्णाच्या औषधांचे पैसे बहुतेक लोक खिशातूनच देतात. स्ट्रिपवर एमआरपी छापलेली असते, नियंत्रित औषधांवर किरकोळ दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के ठरलेलं असतं. आपली यादी डॉक्टरांच्या पेनात आहे आणि ती मिळवायला औषध कंपन्यांचे एमआर बॅग घेऊन दवाखान्याबाहेर बसलेले असतात. या व्यवस्थेचे रोग वेगळे आहेत आणि जनऔषधी केंद्रांचा जन्म त्यातूनच झाला.

पण तुकडे जुळायला लागले आहेत. २०२० मध्ये रिलायन्सने नेटमेड्स या ऑनलाइन औषध दुकानात आणि २०२१ मध्ये टाटांनी तशाच वनएमजीमध्ये बहुमताचा वाटा घेतला, फार्मइझीने नवी मुंबईची थायरोकेअर ही लॅब कंपनी घेतली. ॲप, दुकान, लॅब आणि डॉक्टरची व्हिडिओ भेट एका घरात आली. पाचवा तुकडा म्हणजे पैसे देणारा तिसरा माणूस. नोकरीच्या ठिकाणच्या विम्यात औषधांचा खर्च बसू लागला की काय चालेल, काय नाही, हे कुणीतरी ठरवणारच. त्यात वाईट काही नाही. ब्रिटनमध्येही यादी असते, आपल्या सरकारी रुग्णालयांतही असते.

अमेरिकेने दाखवलं ते एवढंच: यादी लिहिणाऱ्याचं दुकान असता कामा नये, यादीत ज्याचं औषध आहे त्याच्याकडून त्याने पैसे घेता कामा नयेत आणि घेतलेच तर ते कुणाला दिले, हे कागदावर दिसलं पाहिजे. १९९३ मध्ये मर्कने मेडको घेतली तेव्हा हे तिन्ही नियम करणं सोपं होतं, कारण तेव्हा यादीवाला एक कारकून होता. आर्कान्सा त्यातला एक नियम ३२ वर्षांनी करायला गेलं, तर समोर फॉर्च्युनच्या यादीतली पाचवी कंपनी वकील घेऊन उभी होती.